दसऱ्याला पुजलेले रॉड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपसमोर टेम्पो थांबला, तेव्हा शेवंतीबाई दाराच्या तोरणातली सुकलेली झेंडूची फुलं खुडत उभ्या होत्या. टेम्पोतून रंभा उतरली. एरवी रंभा यायची म्हणजे आधी तिचा आवाज यायचा आणि मागून ती. कोपरीच्या चाळीत दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या, पोरं एकमेकींच्या ओट्यावर वाढली. शेवंतीबाई ठाकुर्लीला राहायला गेल्या तरी रंभाचा आवाज तिथवर येतो, असं त्यांचे यजमान उत्तमराव म्हणायचे. आज मात्र रंभा गप्प.

"काय गं, तोंड का असं वाळल्या कारल्यासारखं?"

"मागं बघ टेम्पोत," रंभा म्हणाली. "माझी दिवाळी आडवी पडलीय."

टेम्पोत जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लांबलचक मळसूत्री दांडा होता. रंभाच्या फराळाच्या कारखान्यातल्या मोठ्या मशीनचा हा शाफ्ट. घरातल्या पितळी सोऱ्यापासून सुरुवात करून रंभा त्या मशीनपर्यंत पोचली होती. एका टोकाला पीठ टाकायचं, आत हा शाफ्ट फिरत फिरत ते पुढं रेटतो आणि दुसऱ्या टोकाला चकल्या पडतात, शेव पडते. मशीन परदेशी, तेही दुसऱ्याचं वापरलेलं. दसऱ्याला कारखाना बंद ठेवून रंभा सगळ्या बायकांना घेऊन विहारात गेली होती. आज सकाळी मशीन चालू केलं, पहिलं पीठ आत गेलं, आणि आतून 'कट्' असा आवाज आला. उघडून बघतात तर मोटरकडच्या टोकाला, जिथं दांड्याची जाडी बदलते तिथं, केसासारखी चीर.

"मशीनवाला म्हणतो नवीन मागवतो. येईल कधी? तुळशीची लग्नं लागल्यावर. तोवर लोक काय माझ्या नावानं चकली खाणारेत? ऑर्डरी घेऊन बसलेय शेवंते. सगळ्या सोसायट्यांना सांगून ठेवलंय. या बायका दिवाळीच्या भरवशावर वर्षभर माझ्याकडं टिकतात. आता सोऱ्यानं काढू का एवढ्या चकल्या?"

"सोऱ्यानं कशाला? आमची मृणाल आहे ना!" शेवंतीबाई बोलून गेल्या. "ती करून देईल. शब्द देते तुला."

बोलून झालं आणि मग त्यांना वाटलं, मृणालला एकदा विचारायला हवं होतं. पण शब्द गेला होता. शेवंतीबाईंच्या लेखी दिलेला शब्द आणि धरलेला नेम यांत फरक नव्हता. रोज तुळशीला पाणी, शनिवारी मारुतीला तेल, आणि या चातुर्मासात जेवताना मौन. हा मौनाचा नेम त्यांनी कीर्तनकारबुवांना विचारूनच धरला होता. ताटावर बसल्यापासून चूळ भरेपर्यंत शब्द काढायचा नाही. "खुणा केल्या तर चालतं का?" असं त्यांनी विचारलं होतं. बुवा म्हणाले, "हातवारे म्हणजे बोलणंच की हो. आणि बोललात तर पुढचा घास घ्यायचा नाही, तिथंच उठायचं." नेम धरला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद उत्तमरावांना झाला होता.

मृणाल ही त्यांच्या मुलाची, सुमितची बायको. धातुशास्त्र शिकलेली. सुमित ऐरोलीला एसीत बसून काम करायचा आणि लोखंडाला हात लागला तर रुमाल शोधायचा. त्यामुळं सासऱ्यांच्या वर्कशॉपात सून कधी उभी राहिली आणि कधी रुळली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं शाफ्ट टेबलावर घेतला, चिरेवरून बोट फिरवलं, मशीनच्या पाटीचा रंभाच्या मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला आणि शीळ घातली.

"सतरा-चार पीएच."

"कळेल असं बोल गं बाई," रंभा म्हणाली.

"स्टेनलेसच आहे मावशी, पण साधं नव्हे. भारी जातीचं."

उत्तमराव चष्मा पुसत पुढं आले. आयुष्यभर वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतलेला माणूस. शर्टाला भोकं नसली तर त्यांना तो शर्ट परक्याचा वाटायचा.

"स्टेनलेसच ना? मग तीनशे आठ लाव. सोशीक रॉड. ताण आला तर वाकेल पण तडकायचा नाही."

"वाकेल हो बाबा, पण मऊच राहील. इथं मोटरचा सगळा पीळ येतो. एवढ्या कडक शाफ्टला मऊ ठिगळ लावलं तर पुन्हा तिथंच जाईल. याला याच्याच जातीचा रॉड हवा. सहाशे तीस."

"आणि तुझा सहाशे तीस गार होताना तडकला तर?"

"तुम्ही आधीच का तडकताय?"

"मी विचारतोय. विचारू नको का?"

रंभा एकदा सासऱ्याकडं, एकदा सुनेकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "मला काही कळेल असं सांगाल का? दिवाळी माझी आहे."

मृणालनं स्टूल ओढलं. "मावशी, तूप कढवून ठेवलं की आधी कसं पाण्यासारखं दिसतं? आणि हळूहळू निवताना रवाळ होतं. तसं या पोलादात थोडं तांबं विरघळलेलं असतं. ते एरवी कुठं दिसत नाही. पण भट्टीत ठरावीक गरमीला निवांत ठेवलं, की त्या तांब्याचे बारीक बारीक कण धरतात. त्या कणांमुळं हे पोलाद असं कणखर होतं. सहाशे तीस रॉडमध्येही तेच तांबं आहे. म्हणजे वेल्ड करून शाफ्ट भट्टीत घातला की वेल्डपण त्याच्याबरोबर कणखर होतो. तीनशे आठचं तसं नाही. त्याला भट्टीत घाला नाहीतर माळ्यावर ठेवा, तो आहे तसाच राहतो."

"आमच्या जावयासारखा," रंभा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा तो मोठा आवाज आला.

ठरलं. सहाशे तीसचा एक डबा मृणालनं मागं कुठल्याशा कामासाठी मागवला होता, त्यातले उरलेले रॉड शेल्फवर होते. तिनं डबा उघडला. आत प्रत्येक रॉडच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट.

"आई, रॉडलाही?"

"त्याच्यावरच घर चालतं आपलं. मशीनला कुंकू आणि त्यांना नको?" शेवंतीबाई म्हणाल्या.

मृणाल हसली. तिनं ते रॉड तसेच वाळवायच्या ओव्हनमध्ये ठेवले, कारण रॉडवरच्या लेपाला ओल लागली की वेल्ड बिघडतो. मग ती आणि उत्तमराव ग्राइंडर घेऊन ती चीर कोरून काढायला बसले. चीर खोल होती. ती संपूर्ण जाईपर्यंत शाफ्टला चांगली बोटभर खोल खाच पडली.

दुपारी शेवंतीबाईंनी मागच्या खोलीत पानं मांडली. नवरात्राचे नऊ दिवस उपास झालेले, दसऱ्याच्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत त्यांच्या पोटात जेमतेम दोन घास गेले होते. आज कुठं निवांत ताट समोर आलं: भरली वांगी, आंबट वरण, भात, वर तूप. मृणालनं उभ्याउभ्या दोन पोळ्या गुंडाळून खाल्ल्या आणि ती बाहेर पळाली. शेवंतीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांचं मौन सुरू झालं.

पहिला घास गेला. दुसरा गेला.

"पण उत्तमदादा," रंभा वांग्याचा देठ चोखत विचारत होती, "हे दोन रॉड तुम्हाला नुसतं बघून ओळखू येतात?"

"छे! ही कंपनी दोन्हींना एकच राखाडी लेप देते. जाडी तीच, लांबी तीच. मुठीकडच्या टोकाला बारीक नंबर छापलेला असतो, तो वाचायचा. नंबर नसेल तर मीही आंधळा. आणि चुकून मऊ रॉड वर गेला, तर तुझा शाफ्ट पुन्हा तडकणार. दुसऱ्यांदा तडकला तर मग जोडायलाही उरायचा नाही."

तिसरा घास शेवंतीबाईंच्या हातातच राहिला.

दसऱ्याला पूजा मांडताना त्यांनी शेल्फवरचे दोन डबे काढले होते. बंद डब्याला गंध लावून काय उपयोग, म्हणून सगळे रॉड बाहेर काढले, पाटावर पंख्यासारखे मांडले, फुलानं पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाच्या टोकाला हळदीकुंकू लावलं. आरती झाली. मग रॉड गोळा करून एक डबा भरला, उरले ते दुसऱ्यात घातले. एकाच मापाचे, एकाच रंगाचे. तांदळाचे दोन डबे एकत्र झाले तर कुणी दाणा दाणा ओळखत बसतं का?

त्यांनी उत्तमरावांकडं पाहिलं. उत्तमराव वरण भुरकत होते. रंभाकडं पाहिलं. रंभाला वाटलं, वांगी आवडली का म्हणून बघतेय. तिनं मान डोलावली. शेवंतीबाईंनी ताटाकडं पाहिलं. भातावरचं तूप नुकतं विरघळत होतं. भराभर जेवून उठावं? पण घास कोंबून गिळणं हा तर अन्नाचा अपमान. आणि तेवढ्यात बाहेरून मृणालची हाक आली, "बाबा, सुरू करतेय हं! इकडं बघू नका कुणी!"

"मृणाल, थांब!"

उत्तमरावांच्या हातातली वाटी कलली. इतक्या आठवड्यांत ताटावर त्यांनी बायकोचा आवाज ऐकला नव्हता. शेवंतीबाई उठल्या होत्या, तशाच खरकट्या हातानं बाहेर धावल्या होत्या.

मृणाल तोंडावरची काच वर करून बघत राहिली. होल्डरमधला रॉड शाफ्टपासून वीतभरावर होता.

"रॉड मिसळलेत," शेवंतीबाई म्हणाल्या. "पूजेला दोन्ही डब्यांतले काढले होते मी. परत ठेवताना बघितलं नाही कुठले कुठं."

मग मृणालनं होल्डर हळूच खाली ठेवला.

"आई, ही पूजा केलीत की कोशिंबीर?"

"नंबर असेल की टोकाला," शेवंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी लगबगीनं पदराच्या टोकानं एका रॉडचं कुंकू पुसलं. कुंकवाबरोबर छापलेला नंबरही पदरावर आला.

"हात लावू नका!" मृणाल आणि उत्तमराव एकदम ओरडले. दिवसभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

बाकीच्या रॉडवरचे नंबरही ओल्या कुंकवात आधीच विरघळून गेले होते. मृणालनं फोन फिरवले. ठाण्याच्या दुकानदारानं विचारलं, "कुठला? सहाशे तीस? मॅडम, तो कोण ठेवतो? मागवावा लागेल." कधी येईल? दिवाळीनंतर. दुसरा म्हणाला, तीनशे आठ पोतंभर नेता का?

रंभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात अजून धुतला नव्हता. "शेवंते," ती म्हणाली, "तुझी देवी आहे तरी कुणाच्या बाजूनं?"

शेवंतीबाईंच्या मनात आलं, नवस बोलावा. लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चूक आपण करायची आणि निस्तरायला देवीला बोलवायचं, हे काही बरं दिसत नाही.

उत्तमरावांनी एक चुंबक आणलं. "सतरा-चारला चुंबक चिकटतं ना? मग सोपं आहे." त्यांनी ते रॉडच्या उघड्या टोकाला लावलं. चिकटलं नाही. दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. एकालाही नाही. "संपलं. सगळे एकजात संन्यासी."

"आतल्या तारेवर जाऊ नका बाबा. निम्मं सामान वरच्या लेपात असतं. वितळून खाली जे बसतं, ते बघू."

मृणालनं अडगळीतून तांब्याची जाड पट्टी काढली. तांब्याला वेल्ड धरत नाही, त्यावर थेंब पाडला तर तो गार होऊन सुटा निघतो. तिनं काच खाली घेतली, सगळ्यांनी माना वळवल्या, चर्र आवाज झाला, आणि पट्टीवर चिंचोक्याएवढा एक मणी पडला. तिनं तो चिमट्यानं उचलला, चुंबक लावलं. नाही. दुसऱ्या रॉडचा मणी. नाही. तिसरा. नाही. चौथाही नाही.

शेवंतीबाईंचे ओठ हलत होते. उत्तमराव म्हणाले, "म्हणजे सगळे तीनशे आठ? मग सहाशे तीस गेले कुठं? नैवेद्यात?"

मृणाल खालचा ओठ चावत उभी राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, गरम आहेत ते! गरम असताना सहाशे तीसपण चुंबक धरत नाही. गार होताना तो आतून बदलतो, मग धरतो. पूर्ण गार होऊ द्यायला पाहिजे."

"पंखा लावू?" रंभा म्हणाली. "नाहीतर फुंकर घालते, जिलबीला घालतात तशी."

"नको. आपोआप होऊ दे."

आता काम लागलं शेवंतीबाईंना. एकेका रॉडचा एकेक मणी पाडायचा आणि रॉडशेजारीच ठेवायचा, जराही हलवायचा नाही. त्यांनी फरशीवर जुनी गोणपाटं अंथरली आणि रांगोळीची रेघ काढावी तशा नेटक्या ओळी लावल्या. उत्तमराव जवळून गेले तरी त्या हात आडवा धरत. "पाय बघून ठेवा हो."

"ही आता बघतेय," उत्तमराव रंभाला म्हणाले. "दसऱ्याला हीच नजर ठेवली असती तर?"

"दसऱ्याला तुम्ही काय करत होतात?" शेवंतीबाईंनी विचारलं. "शेल्फ तुमचं. माझ्यासमोर पाटावर बसला होतात. श्रीखंडाकडं बघत."

यावर उत्तमरावांनी ग्राइंडरची वायर तपासायला घेतली.

मणी हाताला गार लागायला लागले तसं मृणालनं चुंबक उचललं. पहिला मणी जागचा हलला नाही. दुसरा टक्कन उडी मारून चुंबकाला चिकटला. रंभानं एवढ्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या गाळ्यातून माणूस डोकावला. चिकटेल तो रॉड एका ताटात, न चिकटेल तो दुसऱ्या ताटात. शेवंतीबाई एकेक रॉड दोन्ही हातांनी उचलून ठेवत होत्या.

शेवटी सहाशे तीसचं ताट बघून मृणालचा चेहरा उतरला. मूठही भरत नव्हती. मागच्या कामात वापरून झालेले, एका-दोघांचा लेप पूजेच्या पाण्यानं फुगून उडालेला.

"खाच मोठी आहे," ती म्हणाली. "एवढ्यात भरणार नाही."

"मी सकाळपासून काय सांगतोय? तीनशे आठ—"

"बाबा, एक मिनिट." तिनं खडू घेऊन फरशीवर एक गोल काढला आणि त्याच्याकडं बघत उकिडवी बसली. "रंभामावशी, ओली चादर तुम्ही दोघी दोन टोकांनी धरून पिळता ना? पीळ जास्त कुठं बसतो?"

"बाहेरून. आतली तशीच ओली राहते. म्हणून तर दोनदा पिळायची."

"शाफ्टचंही तसंच. पिळाचा ताण सगळ्यात जास्त बाहेरच्या अंगाला, गाभ्याकडं कमी कमी होत जातो. म्हणजे खाचेच्या तळाला मऊ रॉड चालून जाईल. वरच्या थरांना मात्र कणखरच पाहिजे."

उत्तमराव तिच्याशेजारी बसले. गुडघे वाजले. त्यांनी गोलात बोट टेकवलं. "आणि गार होताना चीर सुटते ती नेहमी तळाशी. तिथं सोशीक रॉड असला तर ताण तो पोटात घेईल." मग जरा थांबून, "हे मला तू सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी माझ्याकडं डबाभर रॉड होते," मृणाल म्हणाली. "मला वाटलं होतं."

"मग अर्धं तुझं, अर्धं माझं?"

"अर्धं नाही. तळाचे थर तुमचे. वरचं सगळं माझं."

"बघ रंभे, वाटणीला कशी पक्की आहे."

रंभा हसली नाही. ती मृणालच्या तोंडाकडं बघत होती. "टिकेल ना पोरी? खरं सांग."

मृणाल उठली, हात पुसले. "खात्री देऊन सांगत नाही मावशी. एकच रॉड पुरला असता तर जास्त छातीठोक सांगितलं असतं. ही वाट बरी आहे, पण नव्या शाफ्टची सर नाही येणार. दिवाळी निघेल असं मला वाटतं. नवीन शाफ्ट मात्र आजच मागवा. आणि हे नको असेल तर आता सांगा. एकदा रॉड लागला की मागं फिरता येत नाही."

रंभानं शेवंतीबाईंकडं पाहिलं. "शब्द तर कसा दिला होतास, एकदम छातीठोक."

"दिला होता," शेवंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "शब्द माझा आणि हात तिचे. तिला विचारलंही नव्हतं मी. तो शब्द सोड रंभे. ती सांगतेय त्यावर ठरव."

रंभानं एकदा शाफ्टवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मोबाइलवर सारखा कुणाचातरी फोन येत होता. तिनं तो बंद केला.

"लाव," ती म्हणाली.

रॉड पुन्हा ओव्हनमध्ये गेले, या वेळी दोन कप्प्यांत, मध्ये पत्रा. चांगले तापून निघाल्यावर उत्तमरावांनी तळाचे थर घातले. बारीक, सावकाश, एक थर झाला की थांबून, वरचा मळ ठोकून, ब्रश मारून. मृणाल हात लावायच्या अंतरावर तापमापक धरून उभी. "थांबा बाबा, जास्त तापलाय." "थांबलो." "आता घ्या." "घेतो." सकाळचं भांडण कुठल्या कुठं गेलं होतं, दोघं एकाच पाटावर लाडू वळत असावेत तसे बोलत होते. मग मृणालनं काच खाली घेतली आणि वरचे थर तिनं भरले. शेवटचा सहाशे तीस होल्डरमध्ये आखूड आखूड होत गेला. वेल्ड भरून वर आला, तेव्हा हातात पेन्सिलीच्या तुकड्याएवढा रॉड उरला होता.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट वागळे इस्टेटला भट्टीत गेला. तांब्याचे कण धरण्यापुरता आत तापला, मग हवेत गार झाला. परत आल्यावर लेथवर वेल्डचा उंचवटा उतरवून पहिल्या मापाला आणला. आता शेवटची परीक्षा राहिली. वेल्डवर लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आतला रंग वर येऊन लाल रेघ उमटते. मृणालनं रंग लावला तेव्हा उत्तमराव म्हणाले, "आता तूही कुंकू लाव." रंग पुसून तिनं भुकटी फवारली, तसे सगळे त्या पांढऱ्या थराकडं डोळे लावून बसले. दहा मिनिटं गेली असतील, शेवंतीबाईंना तो एकादशीचा दिवस वाटला. भुकटी पांढरीच राहिली.

कोपरीला रंभाच्या कारखान्यात शाफ्ट बसवताना सगळ्या बायका दाराशी गोळा झाल्या. रंभानं आधी सैल पीठ टाकलं, तान्ह्या बाळाला मऊ भात भरवावा तसं. मशीन गुरगुरलं, पुढून पिठाची लड आली. मग तिनं रोजचं घट्ट पीठ घेतलं, भाजणीचं, मोहन घालून मळलेलं. त्या सकाळी 'कट्' आवाज ज्या पिठाला झाला होता तेच. रंभाचा हात पिठावर थबकला.

"टाका मावशी," मृणाल म्हणाली. तिनं तळहात मशीनच्या कव्हरवर ठेवला होता, बरोबर शाफ्टच्या त्या टोकावर.

पीठ आत गेलं. मोटरचा सूर खाली उतरला, जड झाला. बायका श्वास रोखून उभ्या. शेवंतीबाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मिटून काय करायचं, बघायलाच हवं होतं. मोटर तशीच ओढत राहिली. मग साच्यातून पहिली चकली ट्रेवर पडली, काटे उभे असलेली. मागून दुसरी. मग मोजता येईनात अशा.

"हाताला काय लागतंय?" रंभा ओरडून विचारत होती. मशीनच्या आवाजात तिचाही आवाज बुडत होता, हे शेवंतीबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"थरथर लागतेय, ठोका नाही!" मृणाल ओरडली. "आठ दिवसांनी येऊन पुन्हा बघते!"

"दिवाळीच्या तोंडावर मशीन थांबवलंस तर बघ!"

"थांबवावं लागेल! अर्धा तास!"

"मग रात्री ये!" असं म्हणून रंभानं ट्रे ओढला, बायकांना जागा दाखवल्या, कढई चढवायला सांगितली आणि शेवंतीबाई कोपऱ्यात उभ्या आहेत हे बघून त्यांच्या हातात पाकिटांचा गठ्ठा कोंबला. "पाहुणी म्हणून उभी राहू नकोस, भर! आणि पुढच्या वेळी शब्द देताना आधी सुनेला विचार!"

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती!"

मृणालनं मशीनच्या मागून मान बाहेर काढली. तिचा हात अजून कव्हरवरच होता.

"नाहीच म्हणाले असते!"